तार, ताण आणि कळ

यमन संपला आणि मालकंस गावयाचा ठरला, की तंबोऱ्याची पंचमाची तार मध्यमावर उतरवावी लागते. तेवढा वेळ मैफल थांबते. म्हणूनच पुष्कळ गवई दोन जोड तंबोरे आधीच लावून ठेवतात. हीच अडचण गिटारवाल्यांपुढे आली, तेव्हा त्यांनी झटकन स्वर बदलणाऱ्या कळा शोधल्या. या कळा काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे आपण पाहू.

प्रथम अडचण कसली ते समजून घेऊ. फ्रान्समधील मर्सेनने १६३६ साली मांडलेला नियम असा, की तारेची कंपने तिच्या ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतात. मध्यम आणि पंचम यांचे प्रमाण ८ : ९, म्हणून त्यांच्या ताणांचे प्रमाण ६४ : ८१. म्हणजे पंचम मध्यमावर आणावयाचा तर शेकडा सुमारे २१ ताण काढून घ्यावा लागतो. एका तारेवरचा एवढा भार हलका झाला, की वाद्याची मान किंचित सैलावते आणि शेजारच्या तारा चढतात. एक तार बदलली, पण तपासावयाच्या मात्र सगळ्याच!

मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाच्या गिटारीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर ती रूढ झाली. तिचे श्रेय जोसेफ केकुकू यांना देतात. आपल्याकडे व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांच्या ध्वनिमुद्रिकांनी ती घरोघर पोहोचली, तर ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवून दाखवले. या वाद्यात बोटांऐवजी पोलादाची सरळ दांडी तारांवरून फिरते. सगळ्या तारा एकदमच वरखाली होतात, त्यांचे परस्परांतील अंतर बदलत नाही. सा-प-सा-ग-प-सा असे लावलेले वाद्य शुद्ध गंधाराचाच मेळ देणार. कोमल गंधाराचा हवा असेल तर ती एक तार अर्धस्वर उतरवणे आलेच.

यावर तीन उपाय निघाले. एकाच पेटीवर दोन-तीन माना बसवून प्रत्येकीची जुळणी निराळी ठेवणे, हा पहिला. दुसरा पायाच्या पट्ट्यांचा. १९५४ च्या सुमारास बड आयझॅक्स यांच्या वादनाने तो अमेरिकेत गाजला. तिसरा खुंटीचा: बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांनी तार ढकलणारी जादा कळ वापरली आणि पुढे बिल कीथ यांनी खुंटीतच दोन मर्यादा-स्क्रू घातले. घोडीपाशी बसवावयाच्या हाताच्या कळाही याच तत्त्वावर चालतात. एक स्क्रू खालच्या स्वराला अडवतो, दुसरा वरच्या. वादकाने कळ अडेपर्यंत फिरवावी, की ठरलेला स्वर मिळतो.

परंतु कळ फक्त अंतर लक्षात ठेवते. स्वर तिला कळत नाही. आपल्या वऱ्हाडात हा भेद विशेष जाणवतो. उन्हाळ्यात पोलादी तार लाकडापेक्षा अधिक प्रसरण पावते आणि उतरते. रात्री हवा निवली की चढते. अमरावतीस भर दुपारी जुळवलेले स्क्रू रात्री अकोल्याच्या उघड्या पटांगणात खरे ठरतीलच असे नाही. म्हणून वाजवावयाच्या जागी, वाजवावयाच्या वेळीच त्यांची जुळणी करावी. तार नवी असेल तर आधी चांगली ताणून घ्यावी. मानेच्या टोकाला तार ज्या खाचेतून जाते तेथे ती अडकत असेल, तर पेन्सिलीचे शिसे लावावे. कळ दहा वेळा पुढे-मागे करून दोन्ही स्वर पुन्हा ऐकावेत, आणि शेजारच्या ताराही छेडून पाहाव्यात.

आज भ्रमणध्वनीचा पडदाही स्वर बरोबर की चूक ते दाखवतो. त्या सोयीचा लाभ घेण्यास कोणाची हरकत असणार? आम्हांला चिंता आहे ती निराळी. तंबोरा स्वतः लावता लावता विद्यार्थ्याच्या कानाला जी शिकवण मिळे, ती कळ आणि पडदा यांच्या मध्ये हरवू नये. ज्या मुलास हाताने मध्यम लावता येतो, त्याच्या गिटारीला कळ जरूर बसवावी. तिने त्याचा वेळ वाचेल. ज्याला तो अजून ओळखता येत नाही, त्याच्या हाती आधी खुंटी द्यावी.