आईच्या भिंतीवरची वही

आई मंठ्यात, मी पुण्यात. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली. शेजारच्या काकूंनी उचललं. त्या रात्री एसटीत बसून गावी येताना कळलं, नुसत्या मायेनं भागत नाही, माणसं आणि वेळा ठरवाव्या लागतात.

आठ दिवस मी नुसतं पाहिलं. भाकरी ती अजून झकास थापते. पाणी उचलणं, अंघोळ आणि गोळ्यांची वेळ तेवढी जमत नाही. त्याच कामांसाठी गल्लीतल्या मावशी दोन वेळा येऊ लागल्या. पगार, सुट्टी, कामं पहिल्याच दिवशी बोलून घेतली. न्हाणीत धरायला दांडी बसवली. खिळ्याला वही टांगली: गोळी, जेवण, बीपी. मावशी लिहितात, जालन्याचा भाऊ रविवारी येऊन वाचतो. पैसे आणि डॉक्टर माझ्याकडे.

सरकारी आधारही माहीत हवा. ६५ वर्षांपुढच्या गरजूंना श्रावणबाळ योजनेतून दरमहा १५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात. सत्तरीनंतर आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. पंचाहत्तरीनंतर एसटी मोफत. अडचणीत १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन. मुलं सांभाळत नसतील, तर २००७ च्या कायद्यानं निर्वाह न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

एक मात्र विसरू नका: आईला विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही. मावशीही तिनंच निवडल्या, म्हणून त्या टिकल्या.