मदत एका दिवसाची नको, वर्षभराची हवी

शेलूबाजार : मदतीची भावना आपल्या मोहल्ल्यात कमी नाही. कुणाच्या घरी मयत झाली की अर्ध्या तासात दहा पोरं जमतात. कबर खोदणं, खुर्च्या लावणं, घरच्यांसाठी जेवणाचा डबा, सगळं न सांगता होतं. रमजानमध्ये तर देणारे हात आणखी वाढतात. पण त्याच गल्लीतली एखादी मुलगी आठवीनंतर शाळेत यायची बंद झाली, तर तिच्या घरी जाऊन विचारणारं कोण आहे? तिथं मात्र आपण एकमेकांकडे बघतो.

फरक नियतीचा नाही. मयतीच्या वेळी कुणी काय करायचं, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. शाळेच्या बाबतीत काहीच ठरलेलं नाही. खिदमत-ए-खल्क म्हणजे लोकांची सेवा. तिने वस्ती तेव्हाच बदलते, जेव्हा कामाला माणूस, वेळ आणि हिशोब नेमून दिलेला असतो.

याची उदाहरणं आपल्याच महाराष्ट्रात आहेत. 2020 साली करोनाच्या पहिल्या लाटेत अकोल्यात मृतदेहाजवळ जायलाही लोक घाबरत होते. तेव्हा तिथल्या कच्छी मेमन जमातच्या कार्यकर्त्यांनी अंत्यविधीची जबाबदारी घेतली. मुस्लिमांचा दफनविधी तर केलाच, पण ज्या हिंदू मृतांचे नातेवाईक येऊ शकले नाहीत, त्यांचे अंत्यसंस्कारही केले. असं काम एकट्या माणसाच्या हिमतीवर होत नाही. त्याला आधीपासून बांधलेली जमात लागते, एकमेकांना ओळखणारी माणसं लागतात आणि प्रशासनाशी बोलणारा कुणीतरी लागतो.

त्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या इचलकरंजीत मुस्लिम समाजाने रमजानमध्ये 36 लाख रुपये गोळा केले आणि तिथल्या सरकारी आयजीएम रुग्णालयात 10 खाटांचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. हाच पैसा पाकिटांतून वाटला असता, तर महिनाभरात संपला असता. एकत्र आल्यामुळे त्यातून खाटा झाल्या, आणि त्या खाटांवर कोण झोपणार हे धर्म विचारून ठरत नाही. समाजकार्याची खरी कमाई हीच. शंभर भाषणांनी तुटत नाहीत असे गैरसमज अशा एका कामाने कमी होतात.

आता आपल्या घरचं बोलू. 2018 साली नीती आयोगाने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची जी आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तिच्यात महाराष्ट्रातले चारच जिल्हे होते : नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि आपला वाशिम. म्हणजे योजना येतात, निधीही येतो. तो आपल्या शाळेपर्यंत आणि नालीपर्यंत पोहोचतो की नाही, हे बघणारी माणसं गावातच लागतात.

त्यासाठी नवी संघटना काढायची गरज नाही. कायद्याने जागा आधीच दिलेल्या आहेत. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणं, अनुदान कुठं खर्च झालं ते पाहणं, हे या समितीचं काम आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरी जातं आणि सही होऊन परत येतं. दोन अम्मीजान जरी बैठकीत बसून "मुलींच्या शौचालयात पाणी का नाही?" असं विचारू लागल्या, तरी उत्तर द्यावंच लागतं. इतिवृत्तात लिहिलेला प्रश्न सहज मिटत नाही.

तसंच ग्रामसभेचं. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि नियमित सभेच्या आधी महिलांची वेगळी सभा असते. पानटपरीवर तक्रार करणारे आपण तिथं किती जण जातो?

तिसरं काम रस्त्याचं. समृद्धी महामार्ग आपल्या गावाजवळून जातो, अपघाताच्या बातम्या आपण रोज ऐकतो. जखमीला उचललं तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, या भीतीने लोक थांबत नाहीत. पण मोटार वाहन कायद्यात 2019 साली जोडलेल्या कलम 134अ प्रमाणे चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्याच्यावर नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. आपल्या तरुणांनी प्रथमोपचार शिकून घेतले, 108 ला फोन करून रक्त थांबवण्याइतकं जरी त्यांना आलं, तरी एखाद्याचं घर उजाड होण्यापासून वाचेल.

सुरुवात छोटी असावी. पाच माणसं, एक वही, महिन्याचा एक ठरलेला दिवस. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या : कोणतं काम, कुणाकडे, कधीपर्यंत. पैसे जमा झाले तर हिशोब मशिदीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचा. बहुतेक मंडळं भांडणाने मोडतात, आणि भांडणाचं मूळ बहुधा न दाखवलेल्या हिशोबात असतं. आणखी एक, सरकारचं काम आपल्या डोक्यावर कायमचं घ्यायचं नाही. शाळेला शिक्षक कमी असतील तर आपण दोन महिने शिकवू शकतो, पण पद भरण्याचा अर्ज त्याच आठवड्यात गेला पाहिजे. नाहीतर आपली मदतच त्यांना सबब मिळवून देते.

मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1874 साली अंजुमन-ए-इस्लाम सुरू केली, ती आजही मुलं शिकवते आहे. सुरू करणारे केव्हाच गेले, काम मागे राहिलं, कारण ते एका माणसाच्या जिवावर ठेवलेलं नव्हतं.

शाळा सोडलेल्या त्या मुलीच्या घरी कुणी जायचं, एवढं एक नाव या जुम्याला ठरलं, तरी शेलूबाजारात काम सुरू झालं म्हणायला हरकत नाही.