डोंगराचे पाचट



कालव्याला आवर्तन सुटले की आपण पहिला प्रश्न विचारतो, "पाणी किती दिवस चालणार?" धरणात किती टक्के साठा आहे, हेही तोंडपाठ असते. पण धरणाच्या वर, नदी जिथे जन्मते तिथे काय चालले आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही.

आपल्या काष्टी-श्रीगोंदा भागाला कालव्याचे पाणी मिळते ते घोड आणि कुकडीचे. घोड आहुपे-भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते, कुकडी नाणेघाटाजवळ. कुकडी घोडीला मिळते आणि घोड पुढे भीमेला. आपल्याकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. तिकडे घाटमाथ्यावर काही ठिकाणी तो तीन हजारांच्या आसपास जातो. मग तिथे कसला आलाय दुष्काळ, असे कोणीही म्हणेल. परंतु हा पाऊस चार महिन्यांत पडून जातो, आणि कातळावर माती पातळ. उरलेले आठ महिने झाडझाडोरा मुरलेल्या ओलीवर जगतो. पाऊस लवकर उघडला की होळीच्या आधीच ही ओल तुटते. १९७२, २०१२, २०१५, २०१८ ही अवर्षणाची वर्षे आपल्या चांगलीच ध्यानात आहेत. डोंगरही ती विसरलेला नाही.

दुष्काळात डोंगर एकदम वाळत नाही. त्याचा एक क्रम असतो. आधी गवत जाते. मारवेल, पवन्या यांसारखी जनावरांच्या आवडीची गवते पुन्हा पुन्हा खाल्ली गेल्याने मुळातून दुबळी होतात आणि त्यांच्या जागी कुसळी माजते. त्याबरोबरच एक-दोन वर्षांची रोपे मरतात. मोठी झाडे उभी दिसतात, म्हणून जंगल आहे असे आपल्याला वाटते. पण त्यांच्या मागची पिढी गेलेली असते. मग ऐन, हिरडा अशी झाडे वेळेआधी पाने गाळतात. हिरड्याला फळ कमी धरते आणि आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी कुटुंबांची वर्षाची मिळकत बुडते. गवत संपल्यावर जनावरांसाठी फांद्या छाटाव्या लागतात. ताणात सापडलेल्या उसावर जसा खोडकिडा वाढतो, तसेच अशक्त झाडाला भुंगेरे पोखरतात. कित्येक झाडे दुष्काळ सरल्यावर, चांगल्या पावसाच्या वर्षी मरतात.

आता यात आपले काय गेले? खोडव्यात पाचट ठेवलेली सरी आणि पाचट पेटवलेली सरी शेजारी-शेजारी बघा. एकीत बोट घातले तर ओल लागते, दुसरीत ढेकूळ. झाडाखालचा पालापाचोळा म्हणजे डोंगराचे पाचटच होय. तो असला की पाऊस मुरतो, झरे चालतात, नदी हळूहळू वाहते. तो नसला की पहिल्याच पावसात माती उघडी पडते. पाणी धावत येते आणि गाळ धरणात बसतो. पाऊस तेवढाच पडला, तरी साठवणीची जागा कमी झालेली असते.

घाटातल्या देवराया पाहा. तिथे कुऱ्हाड चालत नाही, पाला उचलला जात नाही. अशा राईखालचे झरे उन्हाळ्यात उशिरापर्यंत टिकतात, असा तिथल्या लोकांचा अनुभव आहे. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. परंतु सरकारी फलकाच्या कितीतरी आधी राई देवाच्या धाकाने राखली गेली होती.

डोंगर आपल्या हातात नाही, आणि तिथल्या माणसांना शिकवण्याचा अधिकारही आपल्याला नाही. हातात आहे ते आपले रान. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते पेटवू नका, कुट्टी करून सरीत कुजवा. ठिबक घ्या. गायरानात आणि ओढ्याच्या काठाला आलेली रोपे दोन उन्हाळे जनावरांपासून राखा. वरचा डोंगर तहानलेला असताना खाली मोकाट पाणी सोडणे शोभत नाही.

आवर्तनाची चौकशी जरूर करा. सोबत एवढेही विचारा, "वर डोंगरावर गवत आहे का?"

— ऊस विकास अधिकारी