पिशवी, बीजकोश आणि मेंदूतील छावणी

‘पिशवी काढून टाकली, कटकट मिटली,’ हे उद्गार हिंगोलीपासून बीडपर्यंत बायकांच्या बोलण्यात सहज कानी पडतात. परंतु पिशवीबरोबर, म्हणजे गर्भाशयाबरोबर, बीजकोशही काढले गेले असतील, तर कटकट मिटली की तिने केवळ मुक्काम हलविला, हे त्या माउलीस सहसा कोणी सांगत नाही.

बीजकोशांत निपजणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा अंमल गर्भाशयापुरताच चालतो, हा जुना समज. 1950च्या दशकाच्या अखेरीस शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सर्गी खूण केलेले इस्ट्रोजेन उंदरांस टोचून, ते गर्भाशयाच्या पेशींतील एका विशिष्ट प्रथिनास बिलगून राहते, हे दाखविले. या प्रथिनास ग्राही म्हणतात. त्याच जातीचा दुसरा, बीटा ग्राही 1996 साली स्वीडनमध्ये उजेडात आला; आणि हे दोन्ही ग्राही मेंदूतही नांदतात.

तेथे त्यांचे काम काय? निजामी अमलात हिंगोलीस फौजेची छावणी होती. फौज मुलखाच्या रक्षणासाठी खरी, पण शत्रू परतल्यावरही तिने हत्यार खाली ठेवले नाही, तर रयतेचीच उभी पिके तुडविली जातात. मेंदूतील मायक्रोग्लिया नामक पेशी ही अशीच छावणी होय. इजेची वा जंतूंची वर्दी पोहोचताच त्या दाहक रसायने सोडतात, आणि दाह लांबला तर निरोगी चेतापेशीही त्यात होरपळतात. इस्ट्रोजेन ग्राहीस भेटले, की दाहाची फर्माने सोडणाऱ्या ‘एनएफ-कप्पा-बी’ या प्रथिनास ग्राही लगाम घालतो व छावणी शांत होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे.

मात्र या हुकमालाही वेळ असते. अमेरिकेत 2003 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पासष्टी ओलांडलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांची जोडगोळी दिली असता स्मृतिभ्रंशाचा धोका घटण्याऐवजी दुप्पट झाला. उलट, रजोनिवृत्तीपूर्वीच ज्यांचे बीजकोश काढले गेले, त्यांच्यात उतारवयात बुद्धी मंदावण्याचा धोका अधिक असल्याचे मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2007 साली नोंदविले. म्हणजे गेलेले संप्रेरक पुढे केव्हाही गोळीने भरून निघेल, असा हिशेब येथे चालत नाही.

म्हणूनच बीड जिल्ह्याची 2019 सालची कहाणी आपल्या साऱ्या मराठवाड्याने ध्यानी धरावी. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. नुसती पिशवी काढली, तर बीजकोश मागे राहतात व संप्रेरक झरत राहते. दोन्ही गेले, तर ते एकाएकी आटते. तेव्हा कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी प्रत्येकीने दोन प्रश्न विचारावेत: ही शस्त्रक्रिया टाळता येईल काय, आणि टाळता येत नसेल, तर बीजकोश राखणार ना? उत्तर तोंडी न घेता केसपेपरवर लिहून घ्यावे.