तवंदीचा डोंगर, दर रविवारी

निपाणीतून संकेश्वरकडे निघालं की थोड्याच वेळात तवंदीचा घाट लागतो. पुणे-बंगळूर हायवेवरचा हा घाट. जवळच जैनांचं जुनं क्षेत्र असल्यामुळे बरेच जण याला स्तवनिधीचा घाट म्हणतात. जुलै २०२१ मध्ये भर पावसात या घाटात माझी स्कूटर घसरली. शेजारून एक ट्रक अगदी घासून गेला, चाकांनी उडवलेलं पाणी तोंडावर आलं आणि पुढचं काही दिसेना. उजव्या पायाचा घोटा तुटला. आत पट्टी आणि सहा स्क्रू बसले.

हाड चार महिन्यांत जुळलं, मी मात्र जुळले नाही. मी निपाणीत प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर; पण वाटेत ट्रकचा हॉर्न ऐकला की छातीत धडधड सुरू व्हायची, तळव्यांना घाम फुटायचा आणि पाय जागच्या जागी खिळायचे. स्कूटर विकून टाकली. मग एसटीत बसणं सुटलं, बाजार सुटला, पाहुण्यांकडे जाणं सुटलं. दरवेळी एखादी गोष्ट टाळली की त्या दिवसापुरतं बरं वाटायचं आणि पुढच्या आठवड्यात आणखी एक गोष्ट टाळावी लागायची. भीतीला असं खाऊपिऊ घातलं की ती वाढतच जाते, हे मला फार उशिरा कळलं.

मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. गोळ्या घेतल्या, समुपदेशन घेतलं, आणि त्यांचा उपयोग झाला. हे आधीच सांगते, कारण डोंगर चढलात की डॉक्टरांची गरज नाही, असं कुणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका. मला समुपदेशकांनी सांगितलेली वाट अशी : ज्याची भीती वाटते त्याच्याकडे टप्प्याटप्प्याने जायचं, झेपेल एवढंच जायचं, पण जायचं. पहिला टप्पा कुठला, ते मला सुचत नव्हतं. तो शेजारच्या आक्कांनी सुचवला.

आक्का विड्या वळतात. निपाणीत हा घरोघरचा धंदा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला कापलेली पानं. त्यांचं माहेर तवंदी. लहानपणी गवत आणि जळण आणायला त्या रोज डोंगरावर जायच्या. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, ज्या घाटात पडलासा, त्याच घाटाच्या डोंगरावर चला माझ्यासंगट. रस्त्यावर नगं, डोंगरावर."

नोव्हेंबर २०२२ च्या एका रविवारी आम्ही निघालो. पुतण्याने गाडीने पायथ्याशी सोडलं. घाट येईपर्यंत मी डोळे मिटून बसले होते. गवत वाळायला लागलं होतं, दव होतं, आणि दहा पावलांत सलवारीला कुसळं चिकटली. आक्का पुढे, मी मागे. चढताना फारसा त्रास झाला नाही. उतरताना मुरमाचा एक घसरडा पट्टा आला आणि खालून हायवेवरचा हॉर्न ऐकू आला. मी तिथेच खाली बसले. हात गवताच्या ठोंबाला घट्ट धरलेले.

आक्का परत वर आल्या, शेजारी टेकल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांची बोटं रिकामी असली तरी विडी वळल्यासारखी आपोआप हलत होती. मग म्हणाल्या, "तिकडं बघू नगासा. तुमचा पाय कुठं हाय, तेवढं बघा. मातीवर ठेवू नगा, माती सरकतीया. त्या दगडावर ठेवा." मी दगडावर पाय ठेवला. दगड हलला नाही. मग पुढचा दगड. असे सतरा दगड मी मोजले, अजून आठवतात. खाली पोचल्यावर वर पाहिलं तेव्हा तो पट्टा घराच्या जिन्याएवढाही नव्हता. पण अपघातानंतर कुणाच्या आधाराशिवाय मी पार केलेली ती पहिली जागा होती.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा तिथेच गेलो. त्याच्या पुढच्या रविवारीही. जवळजवळ वर्षभर मी दुसरा डोंगर पाहिला नाही आणि मला वाटतं, माझ्या बरं होण्याचं खरं कारण तेच आहे. आजकाल डोंगर म्हटलं की किती किल्ले झाले, किती उंची गाठली, याची मोजदाद सुरू होते. मोडलेल्या माणसाला नव्या डोंगराचा उपयोग कमी. त्याला तोच डोंगर पुन्हा लागतो, कारण मागच्या वेळी जिथे बसावं लागलं तिथून आज उभ्याने उतरलो, हे फक्त तोच डोंगर सांगू शकतो. नोव्हेंबरात मी ज्या मुरमावर बसले होते, तिथे फेब्रुवारीत मी आक्कांना हात दिला.

यामागचं शास्त्र मी नंतर वाचलं. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की, 'मला हे जमेल' ही खात्री माणसात कुठून येते, याचे काही स्रोत आहेत : दुसऱ्याला करताना पाहणं, कुणी धीर देणं, शरीराची त्या वेळची स्थिती. पण या सगळ्यांत वरचढ ठरतो तो स्वतः करून पाहिल्याचा अनुभव. मला सव्वा वर्ष सगळे धीरच देत होते. "काही होत नाही ग," असं शंभरदा ऐकून जे झालं नाही, ते सतरा दगडांनी केलं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१५ चा एक प्रयोग वाचताना तर मला तवंदीच आठवली. ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी ३८ निरोगी माणसांचे दोन गट केले आणि त्यांना ९० मिनिटं चालायला पाठवलं. एक गट गवताळ, तुरळक झाडांच्या माळावरून गेला, दुसरा वाहनांनी गजबजलेल्या मोठ्या रस्त्याच्या कडेने. माळावरून आलेल्यांच्या मनात त्याच त्या नकोशा विचारांचं घोळणं कमी झालेलं दिसलं. अशा घोळण्याशी संबंध असलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली होती. रस्त्याकडेने गेलेल्यांत तसा फरक पडला नाही. आमच्याकडे हा माळ आणि हा रस्ता एकाच डोंगराला लगटून आहेत.

किती वेळ जावं, यावर २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीचा निष्कर्ष आला. आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. दोन तास एका दमात असोत की तुकड्यातुकड्याने, फरक पडला नाही. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, कारण धडधाकट माणूसच बाहेर जास्त पडत असेल. तरी आठवड्याला दोन तास हे माप कुणालाही झेपण्यासारखं आहे.

वर्षानंतर आम्ही पुढे सरकलो. संकेश्वरजवळचा वल्लभगड छोटेखानी, हायवेवरून दिसणारा. त्यासाठी मी अपघातानंतर पहिल्यांदा बसने घाट उतरले. डोळे उघडे ठेवून. मग येळ्ळूरचा राजहंसगड. त्याच्या दारापर्यंत गाडीरस्ता आहे, त्यामुळे गुडघे किंवा घोटा दुखरा असलेल्यांनी तिथून सुरुवात करावी. गाडी खाली ठेवून रस्त्याने चालत जावं. मग चंदगड तालुक्यातला महिपाळगड. खाली देवरवाडीचं वैजनाथाचं जुनं देऊळ, गडावर नांदतं गाव. गड महाराष्ट्रात, पण संध्याकाळी समोर लुकलुकतात ते बेळगावचे दिवे.

जानेवारी २०२५ मध्ये बेळगावहून पाटणे फाट्यामार्गे पारगडला गेलो. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये बांधलेला हा गड. तानाजी मालुसऱ्यांचे चिरंजीव रायबा इथले किल्लेदार होते आणि त्यांचे वंशज आजही गडावर राहतात. वर जायला साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या. मी त्या मोजल्या नाहीत. अर्ध्यावर गेल्यावर लक्षात आलं की आपण पायाकडे बघतच नाही आहोत, आक्कांशी गप्पा मारत चाललो आहोत.

निघायचंच असेल तर काही गोष्टी सांगते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आमच्या भागातला चांगला काळ. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि त्यावर भलेभले घसरतात. पहाटे निघा, ऊन चढायच्या आत उतरा. बायकांनी दोघी-तिघींनी जावं आणि घरी वाट सांगून जावं. कड्याला आग्यामोहोळ असेल तर धूर, अत्तर, आरडाओरडा नको. खानापूर तालुक्यातल्या भीमगडाचं जंगल २०११ पासून अभयारण्य आहे. तिथल्या बारापेडे गुहांत जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी वटवाघळं राहतात. तिकडे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका.

आणि रात्र-रात्र झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डोंगराची वाट पाहू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत. धारवाडला डिम्हान्स ही सरकारी मानसोपचार संस्था आहे, बेळगावहून बसने जाता येतं. आधी तिथे बोला.

बाकीच्यांनी आपल्या गच्चीवरून दिसणारी सगळ्यात जवळची टेकडी निवडा. या रविवारी जा. पुढच्या रविवारीही तिथेच जा.