मुलं आजीपाशी, तुम्ही दोघं मलाक्क्याला

आंग मो किओहून गाडीने मलाक्का सुमारे २४० किलोमीटर. दोन दिवसांत दोघांना निवांत जमतं. आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का. आज गोव्यात असलेलं सेंट झेवियरचं शव आधी इथल्या टेकडीवरच्या चर्चमध्ये पुरलं होतं. ते चर्च जरूर पाहा.

निघताना पेट्रोलची टाकी किमान पाऊण भरलेली हवी, नाहीतर सीमेवरून परत पाठवतात, दंडही होतो. मलेशियाचा वाहन परवाना, म्हणजे व्हीईपी, आधीच काढा. १ जुलै २०२५ पासून तो नसल्यास ३०० रिंगिट दंड आहे. तिकडचं स्वस्त रॉन ९५ पेट्रोल आपल्या गाडीत भरायला मनाई आहे. रॉन ९७ घ्या.

पण खरी तयारी घरची. शनिवार-रविवारी कॉजवेवर तासन्‌तास गाड्या अडकतात. मुलाला रात्री ताप चढला, तर तुम्ही लगेच पोहोचणार नाही. म्हणून भारतातून आलेल्या आजी-आजोबांसाठी एक कागद फ्रिजवर लावा: अ‍ॅम्ब्युलन्स ९९५, ब्लॉक नंबरासह पत्ता, औषधांचं प्रमाण, अ‍ॅलर्जी, आणि रात्री दार ठोठावता येईल असा एक शेजारी. त्या शेजाऱ्याला निघण्यापूर्वी विचारून ठेवा.