अदृश्य माणसाची कॉलर

परवा सिल्वासाहून एक विद्यार्थी मला भेटावयास आला. संगणकाच्या साहाय्याने चित्रपटात चमत्कार कसे घडवितात, या विद्येचा तो अभ्यास करतो. जुनी सिनेमावाली मंडळी तिला 'ट्रिकसीन' म्हणत, आजची 'व्हीएफएक्स' म्हणतात, गोष्ट एकच. एका गाजलेल्या चित्रपटातील एखादे दृश्य त्याला पुन्हा जसेच्या तसे घडवून दाखवावयाचे होते. त्याने निवडला होता १९३३ सालचा 'दि इन्व्हिजिबल मॅन' हा अमेरिकन चित्रपट. चेहऱ्यावरच्या पट्ट्या माणूस एकेक सोडीत जातो आणि आत डोकेच नसते, ते प्रसिद्ध दृश्य.

"सर, माझ्याजवळ एक मोबाइल आणि घरचा जुना संगणक, एवढेच आहे. जमेल का?" त्याने विचारले.

१९५४ साली ज्या सिल्वासाच्या मुक्तिसंग्रामात संगीतकार सुधीर फडके स्वतः उतरले, त्या गावच्या मुलाला सिनेमाच्या बाबतीत नाही म्हणणे माझ्या जिवावर आले. पण नुसते 'जमेल' म्हणण्यापेक्षा मी त्याला सुरतेच्या एका मुलाची हकीकत सांगितली.

बाबूभाई मिस्त्री यांचा जन्म १९१८ सालचा. मुंबईस प्रकाश पिक्चर्समध्ये ते काम करीत असता विजय भट्ट यांनी त्यांना नेमका हाच चित्रपट दाखविला आणि असे काही करता येईल का, म्हणून विचारले. बाबूभाईंनी वयाची विशीही ओलांडली नव्हती. परदेशी यंत्रसामग्री तर दूरच राहिली. त्यांनी काय करावे? मागे काळा पडदा सोडला, वस्तू काळ्या दोऱ्याने हलविल्या आणि प्रकाश असा बेताने ठेवला की काळ्यावर काळे मुळीच दिसू नये. १९३७ साली 'ख्वाब की दुनिया' पडद्यावर आला आणि बाबूभाईंना 'काला धागा' हे टोपणनावच पडले.

मौज अशी की, अमेरिकेत जॉन फुल्टन यांनीही काळ्याचाच आश्रय घेतला होता. नटाचे उघडे अंग काळ्या मखमलीने झाकून, वर कपडे चढवून, त्याला काळ्या मखमलीच्या पडद्यापुढे उभे केले. मग त्या चित्रफितीवरून मुखवटे तयार करून हलणारे कपडे निराळ्या पार्श्वभूमीवर छापले आणि हजारो चौकटी हाताने दुरुस्त केल्या. तत्त्व एकच, परंतु कामाचे स्वरूप अगदी वेगळे. बाबूभाईंना काही पुसावयाचे नव्हते. दोरा दिसू द्यावयाचा नव्हता, इतकेच. फुल्टन यांना माणूस पुसावयाचा होता. आपल्याला लपवावयाचे आहे की पुसावयाचे आहे, हे विद्यार्थ्याने कॅमेरा हाती घेण्यापूर्वी ठरवावे, कारण पुसण्याचे काम फार महाग पडते.

कसे ते पाहा. आपल्यासमोर माणूस उभा असता त्याच्या सदऱ्याच्या कॉलरची मागची आतली बाजू आपल्याला दिसत नाही. मान आड येते. मान नाहीशी केली की ती दिसलीच पाहिजे. पण कॅमेऱ्याने ती टिपलेलीच नसते! डोके निळ्या कापडात गुंडाळून तेवढा रंग वगळण्याचे काम संगणक सहज करील. त्या जागी काय दाखवावयाचे, ते त्याला कोठून कळणार? म्हणून हे दृश्य तीनदा टिपावे लागते. आधी रिकामी खोली. मग निळे डोके घेऊन उभा असलेला नट. आणि शेवटी तोच सदरा, त्याच जागी, त्याच उजेडात, हँगरला टांगून. भिंतीवरच्या सावलीचाही विसर पडू नये. डोके गेले आणि त्याची सावली मागे राहिली, तर प्रेक्षक हसतील.

तिन्ही वेळा कॅमेरा केसभरही हलता कामा नये. दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली, ती कॅमेरा एका जागी रोवूनच. मोबाइलची आणखी एक खोड आहे. तो उजेड पाहून आपल्या बुद्धीने चित्र कमीअधिक उजळ करीत असतो. ती सोय प्रथम बंद करावी. सिल्वासाच्या पावसाळ्यात ऊन-सावलीचा खेळ घटकाघटकेला बदलतो. तेव्हा खिडक्या झाकून दिव्याच्या उजेडातच काम केलेले बरे. आणि डोक्याला हिरवे कापड नको, निळेच हवे. खिडकीबाहेरचे झाड किंवा खोलीतली हिरवी खुर्ची डोक्याबरोबर नाहीशी व्हावयाची!

त्याचा विचार सबंध एक मिनिटाचे दृश्य करण्याचा होता. मी त्याला कागदपेन्सिल दिली. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला १,४४०. एका चौकटीच्या हातदुरुस्तीस दहाच मिनिटे धरली तरी २४० तास झाले. कॉलेज सांभाळून रोज दोन तास बसले तर चार महिने! हिशेब पाहून मुलगा गप्प झाला. सहाच सेकंद घेतले तर चौकटी १४४ आणि तास २४; बारा दिवसांचे काम. सहा सेकंदांत शेवटची पट्टी सुटते आणि रिकामी कॉलर दिसते. मूळ दृश्यातले आपल्या लक्षात राहते ते तरी तेवढेच ना? 'ब्लेंडर' नावाची संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. तिच्यात ही सारी जुळणी करता येते. तेव्हा खर्चाची अडचण नव्हती, अडचण होती ती हौसेला आवर घालण्याची.

तो जरा हिरमुसला होऊन गेला, असे मला वाटले. आठवड्याने त्याने एक चित्र पाठविले. त्यात ना माणूस होता ना पट्ट्या. बंद खोलीत दोरीवर हँगरला टांगलेला वडिलांचा पांढरा सदरा, जमिनीवर कॅमेऱ्याच्या तिवईचे पाय जेथे टेकले तेथे खडूच्या तीन खुणा आणि दिव्याच्या उजेडात स्वच्छ दिसणारी कॉलरची आतली बाजू. खाली त्याने लिहिले होते, की नट म्हणून धाकटा भाऊ तयार आहे, फक्त त्याचा गळा वडिलांपेक्षा बारीक असल्याने सदरा दोन टाके घालून आवळावा लागेल.